लेकीचा दमा आणि तिचं न टिकणारं लक्ष, यांचा शरीरात कुठे संबंध असतो का?

आर्द्रा_आई:

माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षापासून दमा. सकाळ-संध्याकाळ स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून स्टेरॉइडचा पंप, धाप लागली की सालब्युटामॉल, आणि गेले दहा महिने रात्री झोपताना मॉन्टेलुकास्टची चघळायची गोळी.

गेल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं. ती मस्ती करत नाही, कुणाला त्रास देत नाही, पण बाई म्हणाल्या, "तिला हाक मारली की ती कुठून तरी परत येते." त्यांनी वही उघडून दाखवली. नऊ गणितं दिली होती. पहिली चार अचूक. पाचव्यात हातचा घ्यायचा राहिला. सहावं अर्ध्यावर सोडलेलं, आणि त्याच्यापुढची सगळी जागा पेन्सिलीने काढलेल्या बारीक बारीक गोलांनी भरलेली. प्रत्येक गोल नीट पूर्ण केलेला. ती वही मी घरी आणली आणि बराच वेळ बघत बसले.

घरीही हेच दिसतं. एका पायात मोजा घातला की दुसरा हातात धरून दहा मिनिटं बसून राहते. शाळेच्या समुपदेशकांनी एडीएचडीची (लक्ष न टिकणं, चंचलपणा यांचा विकार) तपासणी करून घ्या असं सुचवलंय. दम्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले की हे दोन्ही पुष्कळदा बरोबर दिसतं. आणि पुढचा पेशंट आत आला.

बरोबर दिसतं म्हणजे नक्की काय? फुप्फुसात होणाऱ्या गोष्टीचा मेंदूशी काय संबंध? ऑक्सिजन कमी पडतो का? की हे औषधांमुळे होतं? मागे दमा उसळला तेव्हा पाच दिवस तोंडाने स्टेरॉइड दिलं होतं, तेव्हा ती घरभर धावत होती आणि रात्री अकरापर्यंत डोळा मिटत नव्हता.

आणखी एक मनात सलतंय ते लिहून टाकते. पहिली दोन वर्षं मी पंप नेमाने दिला नाही. पंपाची सवय लागते असं जो तो सांगायचा. आजही आठवड्यातून तीन-चारदा पहाटे साडेतीन-चारला तिला खोकल्याची उबळ येते, उठून बसते, पुन्हा झोप लागायला पाऊण तास जातो. आम्हाला त्याची सवयच झाली आहे. त्या रात्रींनी तिच्या मेंदूचं काही कायमचं नुकसान झालं असेल का?

तळ्याकाठी:

ताई, जीवशास्त्र जाणकार सांगतील. मी फक्त त्या गोळीबद्दल सांगतो. आमच्या मुलाला सहाव्या वर्षी मॉन्टेलुकास्ट सुरू केली. तीन आठवड्यांत तो रात्री किंचाळून उठायला लागला, दिवसा चिडचिड, शाळेत कशातच मन नाही. आम्ही दोन महिने समजत होतो की नवीन शाळेमुळे होतंय. बायकोने एकदा औषधाच्या डब्यातलं माहितीपत्रक वाचलं आणि आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी थांबवून पंपाचा डोस बदलला. पंधरा दिवसांत मूल पूर्ववत.

सगळ्यांना असं होतं असं मी म्हणत नाही. माझ्या पुतण्याला तीच गोळी उत्तम मानवली आहे. पण मुलीला एकदा शांतपणे विचारा, रात्री स्वप्नं कसली पडतात. मुलं आपणहून सांगत नाहीत.

श्वासनलिका:

आर्द्रा_आई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. गेली चौदा वर्षं मुख्यतः दम्याची मुलं बघते, आणि माझ्या स्वतःच्या मुलाला दमा आणि एडीएचडी दोन्ही आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्या ओझ्याखाली वाचलं जाईल. पंप उशिरा नेमाने सुरू केला म्हणून एडीएचडी झाला, असं होत नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सुमारे ७४ टक्के निघतो. उंचीसारखंच आहे हे, घराण्यातून येतं. त्या रात्रींनी तिची झोप मोडली हे खरं, आणि त्याचं आज काही करता येतं. पण नुकसान केल्याची टोचणी सोडा.

आता संबंध किती आहे ते. २०१८ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात एक मोठं काम आलं. जगभरातल्या जुन्या अभ्यासांची एकत्र मोजणी आणि त्याला जोडून स्वीडनमधल्या, १९९२ ते २००६ दरम्यान जन्मलेल्या पंधरा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी. दमा असलेल्यांमध्ये एडीएचडीची शक्यता साधारण दीडपट निघाली. इतर ज्ञात कारणं हिशोबात धरल्यावरही ती १.४५ पट राहिली. दीडपट ऐकून घाबरायला होतं, म्हणून त्याच आकड्यांवरून मी पालकांना ढोबळ हिशोब करून दाखवते: दमा नसलेल्या शंभर मुलांत तीन-साडेतीन, तर दमा असलेल्या शंभरांत पाचच्या आसपास. म्हणजे दमा असलेल्या बहुसंख्य मुलांना एडीएचडी नसतो. संबंध खरा आहे, पण दमा आहे म्हणजे हे होणारच, असं मुळीच नाही.

ऑक्सिजनचं म्हणाल, तर रोजच्या साध्या दम्यात रक्तातला ऑक्सिजन मेंदूला इजा होण्याइतका खाली जात नाही. जोराचा अटॅक ही वेगळी गोष्ट, तिथे तातडीने उपचार लागतातच. पण वहीतले गोल ऑक्सिजन कमी पडल्यामुळे आलेले नाहीत.

मग दुवा कुठे आहे? पहिला दुवा जन्माच्या आधीचा. स्वीडनमधल्याच जुळ्यांच्या एका अभ्यासात, २०११ मधला आहे तो, लहानपणीचा दमा आणि पुढे किशोरवयात दिसणारी एडीएचडीची लक्षणं यांच्यातल्या नात्याचा मोठा भाग सामायिक जनुकांनी समजावता आला. हे कसं कळतं, तर एका जुळ्याला दमा असेल आणि दुसऱ्याला चंचलपणा, तर ही जोडी एकसारख्या जुळ्यांत वेगवेगळ्या जुळ्यांपेक्षा जास्त दिसते. घर, हवा, आई-बाप दोघांना तेच, फरक फक्त जनुकांच्या वाट्यात. म्हणजे एकाच मुळातून दोन फांद्या फुटल्या असं समजा. त्यातली एक दुसरीला जन्म देत नाही. गर्भारपणातलं धूम्रपान, वेळेआधीचा जन्म, कमी वजन, हीसुद्धा दोन्हींची धोक्याची कारणं आहेत, कारण फुप्फुस आणि मेंदू दोन्ही त्याच महिन्यांत घडत असतात.

दुसरा दुवा दाहाचा, म्हणजे शरीराच्या आतल्या सुजेचा. माझ्या मते हा सर्वांत रोचक आहे, आणि यावर घाईने बोललंही फार जातं. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराला सतत सूज असते. तिथल्या पेशी इंटरल्युकिन ४, ५ आणि १३ असे रासायनिक निरोप सोडतात, मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. यातले काही निरोप छातीतच थांबत नाहीत. काही रक्तातून फिरतात, काहींची खबर व्हेगस नावाची लांब मज्जातंतू थेट मेंदूला देते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात, त्या अशा निरोपांनी सावध होतात. आणि दाह टिकून राहिला की डोपामिन तयार होण्याच्या साखळीत अडथळा येऊ शकतो. लक्ष एका जागी धरून ठेवायला कपाळामागच्या मेंदूला लागतं ते हेच डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन. ताप आलेला असताना आपल्याला एक पानसुद्धा धड वाचवत नाही, तो याच यंत्रणेचा रोजचा अनुभव. मात्र दम्याच्या सुजेमुळे मुलाच्या मेंदूत नेमकं हेच घडतं, याचा बराचसा पुरावा प्राण्यांवरच्या प्रयोगांतला आहे. त्यामुळे "सूज कमी करा, एडीएचडी जाईल" असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नका.

तिसरा दुवा झोपेचा, आणि तुमच्या पोस्टमध्ये मला सर्वांत आधी तोच दिसला. पहाटे चारच्या सुमारास श्वासनलिका चोवीस तासांतल्या सर्वांत अरुंद अवस्थेत असतात. शरीरातलं सुजेला आवर घालणारं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास तळाला गेलेलं असतं. म्हणून खोकला साडेतीन-चारलाच येतो. आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास जाग, म्हणजे महिन्याला दहा-बारा तासांची झोप गेली, आणि तीसुद्धा तुकड्यातुकड्यांनी. झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं. मूल मात्र कधी चेकाळतं, तर कधी तुमच्या लेकीसारखं हरवतं. वरून पाहणाऱ्याला ते एडीएचडीसारखंच दिसतं.

आणि हे जरा स्पष्टच लिहिते: आठवड्यातून तीन-चार रात्री जाग येत असेल तर दमा ताब्यात नाही. गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे एकदा जरी रात्री जाग आली असेल, तरी आम्ही पुन्हा सगळं तपासतो. त्याची सवय होऊ द्यायची नाही.

औषधांबद्दल. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडने ते पाच दिवस जे झालं ते ओळखीचं आहे. कोर्स संपला की ओसरतं. सालब्युटामॉलने तासभर हात थरथरतात, छाती धडधडते, मूल अस्वस्थ होतं. सर्दीसाठी जुन्या पद्धतीची, झोप आणणारी ॲलर्जीची औषधं देत असाल तर तीही लक्ष मंद करतात. मॉन्टेलुकास्टबद्दल तळ्याकाठी यांनी लिहिलंय ते गांभीर्याने घ्या. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०२० मध्ये त्या गोळीवर सर्वांत ठळक चौकटीतला इशारा घालायला लावला, तो मनावर आणि वागण्यावर होणाऱ्या परिणामांसाठीच. दुःस्वप्नं, चिडचिड, उदासी, लक्ष विचलित होणं, हे सगळं माहितीपत्रकात आहे. पण स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा. पंप तर मुळीच थांबवू नका.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? आधी पंपाची पद्धत कुणाकडून तरी समोर बसून तपासून घेतली असती. मास्क लावता की माउथपीस? एका वेळी एकच पफ देता ना? पंप हलवता? एका पफला पाच-सहा सावकाश श्वास? एक साधी वही करून त्यात रात्री जाग आली का, किती वाजता, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कशी होती, इतकंच लिहिलं असतं. ती घोरते का, तोंड उघडं टाकून झोपते का, तेही बघा. बदल एका वेळी एकच करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आणि एडीएचडीची तपासणी रद्द करू नका. झोप सुधारली की सगळं सुटेल असं मी म्हणत नाहीये. २०१३ मध्ये घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या ४६४ मुलांवर टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) काढण्याची चाचणी प्रसिद्ध झाली. मुलांची झोप सुधारली, आई-वडिलांच्या आणि शिक्षकांच्या नोंदींत वागणं सुधारलं. लक्षाच्या मोजणीत मात्र म्हणावा तसा फरक आला नाही. मुलींमध्ये शांत, हरवलेल्या प्रकारचा एडीएचडी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या वर्गात त्रास देत नाहीत. तुमच्या बाईंनी साडेआठव्या वर्षी वही उघडून दाखवली, याचं मला फार बरं वाटलं.

अर्धवट_वही:

मी चौतीस वर्षांचा, दोन्ही असलेला. डॉक्टरबाईंनी दम्याकडून एडीएचडीकडे जाणारी वाट सांगितली, मी उलटी सांगतो.

रोजच्या पंपाने लगेच काहीच जाणवत नाही. घेतला तरी तसंच, नाही घेतला तरी चार दिवस तसंच. ज्याच्या मेंदूला परिणाम समोर दिसल्याशिवाय काम लक्षात राहत नाही, त्याच्यासाठी याहून अवघड औषध नाही. निळा पंप, धाप लागल्यावरचा, मी कधीच विसरलो नाही. रोजचा मात्र महिन्यातून वीस दिवस विसरायचो. घरचे म्हणायचे, स्वतःच्या जिवाची पर्वा नाही. पर्वा होती हो. डोळ्यांसमोर नव्हता, म्हणून डोक्यात नव्हता. मग दमा बिघडायचा, रात्र जायची, दुसऱ्या दिवशी लक्ष अजून कमी, आणि पंप पुन्हा राहायचा. हे चक्र मी पंचवीस वर्षं चालवलं. एडीएचडीचं निदान तिसाव्या वर्षी झालं.

मला उपयोगी पडलं ते एकच: पंप आणि स्पेसर दात घासायच्या ब्रशला रबरबँडने बांधून ठेवणं. ब्रश उचलला की पंप हातात येतोच. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी लागते, ती आपोआप भरली जाते. तिला "आठवण ठेव" सांगू नका. ती ठेवू शकणार नाही, आणि न ठेवता आल्याचं दुःख मात्र तिच्याजवळ राहील. अजून काही वर्षं पंप तुमच्याच हाताने द्या.

आर्द्रा_आई:

तिघांचे मनापासून आभार. काल रात्री तिच्याजवळ आडवी होऊन स्वप्नांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "रोज तेच पडतं, मी जिन्यावर असते आणि जिना संपतच नाही." दहा महिने ती हे एकटी बघत होती. मला एकदाही कळलं नाही.

आणि हो, मी दोन्ही पफ स्पेसरमध्ये एकदम मारत होते. पाच वर्षं. कुणी समोर बसून बघितलंच नव्हतं.

श्वासनलिका, एक शंका. पुढे एडीएचडीचं औषध लागलंच तर दम्याला त्रास होईल का?

श्वासनलिका:

मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाने श्वासनलिका आवळत नाहीत, दमा असलेल्या मुलांना ते देता येतं. दोन औषधांची गाठ पडते ती हृदयाच्या ठोक्यांवर, कारण तेही ठोके वाढवतं आणि सालब्युटामॉलही. म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधांची यादी दाखवायची. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध सुचवलं, तर तोंडाने किंवा शिरेतून सालब्युटामॉल द्यायची वेळ आली की जास्त सांभाळावं लागतं, तेव्हा ते आठवणीने सांगा.

उंची-वजनाची नोंद मात्र दर तीन-चार महिन्यांनी ठेवा. एडीएचडीच्या औषधांनी भूक मंदावते आणि वाढ थोडी रेंगाळू शकते, स्टेरॉइडच्या पंपानेही थोडा फरक पडतो. २०१२ मध्ये, लहानपणी बरीच वर्षं ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप घेतलेल्यांची मोठेपणीची उंची मोजली, ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ताब्यात नसलेल्या दम्याची किंमत त्याहून कितीतरी मोठी आहे, म्हणून पंप चालूच ठेवायचा. फक्त कमीत कमी पुरेशा डोसवर.

पफचं मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत हेच दिसतं. समोर बसून बघणं ही आमची जबाबदारी होती.

आर्द्रा_आई:

सात आठवडे झाले. धागा वर काढतेय, कारण अशाच शोधात कुणी इथे आलं तर त्यांना पुढचं कळावं.

आधी तीन आठवडे फक्त पंपाची पद्धत बदलली. एक पफ, सहा श्वास, थोडं थांबून दुसरा. दुसऱ्या आठवड्यापासून पहाटेचा खोकला एक-दोनदावर आला, आता शेवटचे सतरा दिवस एकदाही नाही. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी मॉन्टेलुकास्ट थांबवली. जिन्याचं स्वप्न लगेच गेलं नाही, अधूनमधून पडत राहिलं, आता दहा दिवसांत पडलेलं नाही. सकाळी तिला उठवायला चार हाका लागायच्या, आता एक पुरते.

तरीही लक्ष पूर्ण परत आलेलं नाही. वहीत आता नऊपैकी सहा-सात गणितं होतात, मग गोल सुरू होतात. शाळेतून बाईंनी आणि घरून आम्ही दोघांनी प्रश्नावल्या भरल्या. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आतली, सहा महिन्यांहून जुनी आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी आहेत का, हे तपासणी करणाऱ्यांनी नीट विचारलं. परवा निदान झालं: एडीएचडी, लक्ष न टिकण्याचा प्रकार. औषध आत्ता नाही. बाई तिला पहिल्या बाकावर बसवणार आहेत आणि नऊ गणितं तीन-तीन करून देणार आहेत. दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

पहाटे चारला मला अजूनही जाग येते. ती झोपलेली असते, श्वासाला आवाज नसतो.